मंगळवारी वेरूळ बंद असतं, तेव्हा देवगिरीवर थांबा

वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी. हे माहीत असूनही विसरणारे खूप, आणि माहीतच नसणारे त्याहून जास्त. मुंबईहून समृद्धी महामार्गाने निघून माळीवाड्याच्या फाट्याला उतरायचं, वेरूळच्या रस्त्याला लागायचं, आणि मग गाडीतल्या कुणीतरी फोनवर बघून सांगायचं की आज लेणी बंद. पुण्याहून नगरमार्गे येणाऱ्यांचंही तेच होतं. अशा वेळी बहुतेक जण घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन शहरात परततात आणि दिवस वाया गेला म्हणतात. खरं तर त्यांच्या वाटेवरच, छत्रपती संभाजीनगरपासून १५ किलोमीटरवर, देवगिरी म्हणजेच दौलताबादचा किल्ला उभा असतो. तिथे थांबलात तर अर्धा दिवस सहज सत्कारणी लागतो. फक्त तो किती वेळात, कुठपर्यंत आणि कसा बघायचा हे गाडीतून उतरण्यापूर्वी ठरवायला हवं. तयारीशिवाय चढायला लागणारी माणसं हमखास चुकीच्या ठिकाणी दमतात आणि जे बघायलाच हवं त्याच्या शंभर पावलं आधी मागे फिरतात.

आधी रस्त्याचं. शहराकडून वेरूळकडे जाताना रस्ता किल्ल्याच्या सर्वांत बाहेरच्या तटबंदीला, म्हणजे अंबरकोटाला छेदतो. जुना रस्ता दगडी दरवाज्याच्या कमानीतूनच जातो, तिथे एका वेळी एकच मोठी गाडी निघते आणि रविवारी दोन्ही बाजूंना रांग लागते. कमानीत घुसून समोरच्या बसला मागे सरकायला लावू नका. समोरचा आत शिरला असेल तर त्याला येऊ द्या, नाहीतर दोघंही अडकता. श्रावणात शनिवारी हा रस्ता शक्यतो टाळाच. खुलदाबादच्या भद्रा मारुतीला चालत जाणाऱ्यांची आदल्या रात्रीपासून रीघ लागलेली असते. श्रावणी सोमवारी हीच गर्दी घृष्णेश्वराला असते. साधा मंगळवार किंवा बुधवार असेल तर किल्ला बऱ्यापैकी शांत मिळतो.

गाडी तळावर लावून तिकीट काढा. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तिकीटघराच्या आसपास पाणी, लिंबू सरबत, काकड्या, पेरू सगळं मिळतं. पाणी इथेच घ्या. माणशी दीड लिटर, उन्हाळ्यात दोन. वर चढल्यावर विकत काही मिळेल या भरवशावर राहू नका, आणि स्वच्छतागृहाची सोयही खालीच उरकून घ्या. प्लॅस्टिकची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. वानरं पिशवी ओळखतात, आत काय आहे ते नंतर बघतात. सगळं पाठीवरच्या बॅगेत घालून चेन लावा. चपलांऐवजी पकड असलेले बूट घाला. इथल्या पायऱ्या शेकडो वर्षं पायांखाली झिजून गुळगुळीत झालेल्या आहेत, आणि त्यांचा त्रास चढताना होत नाही, उतरताना होतो.

आता वेळेचा हिशेब. पाऊण तास असेल तर चाँद मिनार आणि भारतमाता मंदिरापर्यंत जाऊन परत या. हा भाग जवळजवळ सपाट आहे, आजी-आजोबांनाही जमतो. दीड तास असेल तर मेंढा तोफेच्या बुरुजावर जा आणि तिथून खंदकाच्या पुलापर्यंत उतरा. अडीच ते तीन तास हाताशी असतील तरच अंधारीतून, म्हणजे कातळातल्या अंधाऱ्या बोगद्यातून, पुढे बारादरीचा महाल आणि माथा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ७५० पायऱ्या धरल्या जातात आणि डोंगर सपाटीपासून साधारण २०० मीटर उंच आहे. दुपारी साडेतीननंतर माथ्याच्या नादी लागू नका. वर पोहोचाल, पण घाईने, अंधारून येत असताना उतराल, आणि इथे घाईने उतरणं हीच सर्वांत मोठी चूक ठरते.

मला विचाराल तर दीड तासवाल्यांनी अजिबात वाईट वाटून घेऊ नये. देवगिरीचं खरं डोकं माथ्यावर नाही, ते खालच्या दरवाज्यांपासून अंधारीच्या वरच्या तोंडापर्यंतच्या पट्ट्यात आहे. माथ्यावर वारा आणि देखावा मिळतो. किल्ला कळतो तो खाली.

तो कळायचा असेल तर हल्ला करणाऱ्याच्या डोक्याने चालायचं. महाकोटाच्या, म्हणजे मधल्या तटबंदीच्या, पहिल्या दरवाज्याशी उभे राहा आणि पुढचा दरवाजा शोधा. सरळ समोर तो नाहीच. काटकोनात वळावं लागतं, मग पुन्हा एक वळण. हत्तीने दार फोडायचं तर त्याला धावत यायला सरळ जागा लागते. वळणामुळे ती धावच मिळत नाही. दाराच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी अणकुचीदार खिळे बसवलेले आहेत, ते बघायला थांबा. दोन दरवाज्यांमधला चौक तर शत्रूला कोंडण्यासाठीच आहे. आत आलेली तुकडी चारही बाजूंच्या तटावरून दिसते आणि तिला मात्र वरचं कुणीच नीट दिसत नाही. देवड्यांच्या आसपास मांडून ठेवलेल्या तोफा बघण्यात लोक दहा मिनिटं घालवतात. त्यातली पाच मिनिटं त्या चौकात मधोमध उभं राहून मान वर करून बघण्यात घालवा.

पुढे वाट मोकळी होते. सरस्वती बावडी आणि तिच्या पुढचा प्रचंड हत्ती हौद लागतो. हौदाच्या काठावर जरा रेंगाळा, कारण पाण्याचा प्रश्न सोडवल्याशिवाय हा किल्ला एक महिनाही टिकला नसता. मागच्या डोंगरांतून येणारं पाणी खापरी नळांनी आणून साठवायची व्यवस्था इथे होती. फुटक्या नळांचे तुकडे काही ठिकाणी भिंतींत अजून दिसतात. हौद पायथ्याशी, म्हणजे महाकोटाच्या आत पण कातळकड्याच्या बाहेर आहे. खालचं शहर आणि छावणी या पाण्यावर जगायची. कडा ओलांडून वर गेलेल्यांसाठी कातळात खोदलेली वेगळी टाकी आहेत. म्हणजे खालचा कोट पडला तरी वरच्यांचं पाणी तुटत नाही.

भारतमाता मंदिर म्हणजे मुळातली जामा मशीद. कुत्बुद्दीन मुबारक खिलजीने १३१८ मध्ये ती बांधवली. खांब नीट बघा, ते आधीच्या मंदिरांचे आहेत, एकाची घडण दुसऱ्याशी जुळत नाही आणि उंची सारखी करण्यासाठी तुकडे जोडलेले दिसतात. १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपल्यावर इथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. समोरचा चाँद मिनार बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याने पंधराव्या शतकात उभारला. त्यावर एके काळी इराणी धाटणीच्या निळ्या फरशा होत्या, तुरळक खुणा उरल्या आहेत. आत चढू देत नाहीत, त्यामुळे दाराशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका. फोटो हवा असेल तर हौदाच्या बाजूने मिनार आणि मागे डोंगर एकत्र येतात, सकाळी ऊन मिनारावर असतं.

कालाकोटाच्या, म्हणजे सर्वांत आतल्या तटबंदीच्या, दरवाज्यातून आत गेल्यावर चढ सुरू होतो. चिनी महाल म्हणजे पडक्या भिंती आणि त्यावर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे तुरळक तुकडे. नाव मोठं आणि वास्तू पडकी, म्हणून लोक एका नजरेत पुढे जातात. पण गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकल्यावर इथेच आणून ठेवलं, आणि तो इथेच कैदेत वारला. त्याची कबर पुढे खुलदाबादला आहे. जवळच्या निजामशाही वाड्यांच्या अवशेषांतही दोन मिनिटं थांबा. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची त्यांच्या मुलांसह हत्या १६२९ मध्ये निजामशाहाच्या दरबारात, याच दौलताबादेत झाली. सिंदखेडच्या जाधवांचं निजामशाहीशी कायमचं फाटलं ते त्या दिवशी.

मेंढा तोफेचा बुरूज थोडा आडवाटेला आहे आणि दमलेली माणसं तो सोडतात. सोडू नका. तोफ पंचधातूची आहे, मागचं टोक मेंढ्याच्या मुंडक्यासारखं घडवलं आहे आणि अंगावर फारसी लेख आहे. त्यात तिचं नाव किला शिकन, म्हणजे किल्ले फोडणारी, असं दिलं आहे. तिच्या खाली बघा. ती मधल्या खुंटीवर फिरते, गोल बुरुजावर वळवून जवळजवळ अर्धं क्षितिज तिच्या टप्प्यात येतं. याच बुरुजावरून खंदक आणि तासलेला कडा एका नजरेत दिसतो, आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे ते आधी कळतं.

इथून देवगिरीचा खरा भाग. यादवांनी, पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास इथे राजधानी वसवल्यानंतरच्या काळात, डोंगराचा खालचा घेर चहूबाजूंनी उभा तासून काढला. जवळजवळ ५० मीटर उंचीची सरळ भिंत झाली, जिला पाय ठेवायला खाच नाही. बांधलेली भिंत सुरुंग लावून पाडता येते, मूळ कातळाला सुरुंग लावून करणार काय? तासलेल्या कड्याच्या पायथ्याशी खंदक, तोही खडकात खोदलेला, चाळीसएक फूट खोल. खंदकावरून पलीकडे जायची एकच वाट. आज आपण लोखंडी पुलावरून जातो, पण जुना दगडी पूल शेजारीच, खालच्या अंगाला आहे. तो मध्यभागी खोलगट आहे, दोन्ही बाजूंनी पायऱ्या उतरतात आणि पुन्हा चढतात. खंदकातलं पाणी बांधाने अडवून वाढवलं की पुलाचा मधला भाग पाण्याखाली जायचा. पूल उचलायची यंत्रणा नाही, दोरखंड नाहीत, तुटण्यासारखं काही नाही. पाण्याची पातळी बदलली की काम झालं. खंदकात डोकावताना कठड्यावर वाकू नका आणि मुलांचे हात धरा.

पूल ओलांडला की अंधारी. कातळात कोरलेला, वळत वळत वर चढणारा बोगदा. तो का चालत असे ते समजून आत गेलात तर भीती कमी होते आणि मजा दुप्पट होते. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि बोगदा पार करायला त्याहून कमी. म्हणजे हल्ला करणारा सगळी वाट आंधळाच चालतो, आत उभा असलेला पहारेकरी मात्र तासन्‌तास अंधारात राहून सरावलेला. त्यात पायऱ्या मुद्दाम कमी-जास्त उंचीच्या. आपण जिन्यावर न बघता चढतो ते पायाला मोजमाप ठरलेलं असतं म्हणून. ते मोजमाप दर तीन-चार पायऱ्यांनी चुकवलं की पुढचा अडखळतो आणि मागचे त्याच्यावर येतात. वळणांमुळे मागून येणाऱ्यांना पुढे काय झालं ते कळत नाही. वाटाडे एक झरोका दाखवून सांगतात की उजेड बघून शत्रू तिकडे धावायचा आणि थेट खंदकात पडायचा. ही गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकायला छान वाटते, पण खरा मारा बोगद्याच्या वरच्या तोंडाशी आहे. तिथे लोखंडी झाकण टाकून त्यावर आग पेटवायची सोय होती आणि आगीला हवेचा झोत मिळावा म्हणून कातळातून वाट काढलेली होती. वर निखारे, खाली धूर, आणि मागे फिरायला जागा नाही.

आज धुराची भीती नाही, वटवाघळांची आहे. त्यांच्या विष्ठेने जमीन निसरडी होते आणि वास उग्र असतो. नाकाला रुमाल बांधा. टॉर्चचा झोत स्वतःच्या पावलांवर ठेवा, छताकडे नाही. छताकडे उजेड टाकला किंवा आरडाओरडा केला की सगळी वटवाघळं एकदम उठतात आणि गर्दीत कुणीतरी घाबरून मागे धक्का देतं. एक हात भिंतीला, मुलं दोन मोठ्यांच्या मध्ये, आणि पुढच्या माणसापासून दोन पायऱ्यांचं अंतर. फोनची बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली असेल तर वेगळा टॉर्च न्या. वाटाड्या घेणार असाल तर किती पैसे आणि कुठपर्यंत, फक्त अंधारी की माथा, हे पायथ्याशीच बोलून घ्या. दमा असलेल्यांनी आणि बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी पुलावरूनच परत फिरावं. तिथवर आलेला माणूस अर्ध्याहून जास्त देवगिरी बघून झालेला असतो.

अंधारीतून बाहेर पडलं की गणपतीचं छोटं देऊळ लागतं. इथे बसा, पाणी प्या. पुढची चढण उघड्यावर आहे. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी दहानंतर हा काळा कातळ इतका तापतो की बसायला टेकवत नाही, म्हणून उन्हाळ्यात साडेदहाच्या आत इथून खाली निघालेलं बरं. पावसाळ्यात उलट अडचण, शेवाळ. पायऱ्यांच्या कडेला हिरवी चकाकी दिसली तर मधून चाला. सगळ्यांत चांगले महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा भडक अत्तर लावून चढू नका. विडी-सिगारेट तर मुळीच नको. एप्रिल २०२५ मध्ये वाळल्या गवताला आग लागून ती किल्लाभर पसरली होती आणि बारादरीपर्यंत झळ पोहोचली होती. इथे पाणी घेऊन बंब चढू शकत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बारादरी शाहजहानच्या १६३६ च्या मुक्कामासाठी उभारली गेली. तिच्या सज्जातून खालचे तिन्ही कोट एकात एक बसवलेल्या कड्यांसारखे दिसतात. माथ्यावर बुरूज आणि त्यावर तोफ आहे. तिथे पोहोचण्याआधी कातळातल्या गुहेत जनार्दनस्वामींची समाधी आहे, ती पायवाटेवरच्या घाईत चुकते. जनार्दनस्वामी निजामशाहीत या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि एकनाथांचे गुरू. एका पैची चूक सापडेपर्यंत रात्रभर हिशेब तपासत बसलेल्या एकनाथांची जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो ती याच गडावरची. फाल्गुन वद्य षष्ठी ही स्वामींच्या समाधीची तिथी. पैठणची नाथषष्ठी सगळ्यांना माहीत असते, देवगिरीची ही जागा फार थोड्यांना. समाधीपाशी चपला काढा आणि आवाज कमी ठेवा.

एवढा भक्कम किल्ला असूनही तो अनेकदा हातचा गेला, तो का, हा प्रश्न वर बसल्यावर पडतोच. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवरायाचं मोठं सैन्य युवराजाबरोबर बाहेर होतं. घाईघाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्य समजून मीठ निघालं, असं फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. १६३३ मध्ये महाबतखानाच्या वेढ्यात मलिक अंबरचा मुलगा फतेहखान उपासमारीने टेकीला आला आणि किल्ला मुघलांकडे गेला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांकडे आला, तोही तहाच्या कलमाने. कड्याने, खंदकाने, अंधारीने आपापलं काम चोख केलं. कोठारात काय आहे ते मात्र कड्याला ठरवता येत नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे हलवली तेव्हाही कातळ तोच होता, पण एवढ्या मोठ्या शहराला पोसायचं कसं हा प्रश्न उरलाच.

उतरताना आडवं पाऊल टाका, म्हणजे टाच पूर्ण पायरीवर बसते. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी, खाली भाड्याने मिळेल अशी आशा धरू नये.

खाली आल्यावर बागांकडे वळा. त्यासाठी खुलदाबादच्या रस्त्याने घाट चढायचा. वाटेत कागजीपुरा लागतं, हाताने कागद बनवणाऱ्यांचं गाव. तुघलकाच्या काळापासून इथे हा धंदा आहे असं मानलं जातं. कागद घेतलात तर गुंडाळी करून नळीत घाला, घडी घातली की रेघ कायमची बसते. मग खुलदाबाद. मलिक अंबरची कबर इथे आहे, झोपलेल्या रूपातला भद्रा मारुती इथे आहे, आणि उंच भिंतींच्या आत बनी बेगमची बाग आहे. बनी बेगम औरंगजेबाच्या एका मुलाची पत्नी. बागेच्या मधोमध तिची कबर.

ही बाग दहा मिनिटांत फिरून होते, पण तिची रचना समजून बघा, कारण देवगिरीवर जे पाणी माणसाला अडवायला वापरलं तेच इथे माणसाला बसवायला वापरलं आहे. चारबागेत दोन मुख्य वाटा मधोमध एकमेकींना छेदतात आणि बागेचे चार चौक होतात. वाटांच्या मधून पाण्याची पाट-नहर. वाफे वाटांपेक्षा खाली असतात. त्यामुळे नहर फोडून पाणी सोडलं की ते आपोआप वाफ्यांत पसरतं, मोट किंवा घागर लागत नाही, आणि झाडं खोलात असल्यामुळे त्यांची फुलं-फळं चालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात. कारंज्यांना पंप नव्हते. उंचावरच्या हौदातून बंद नळाने पाणी खाली आणायचं, हौद जितका वर तितकं कारंजं उंच, आणि नळात कुठे गळती झाली की सगळ्यात आधी शेवटचं कारंजं बसतं. आज यातलं बरंच कोरडं आहे. पण वाट आणि वाफा यांच्यातली उंचीची पायरी शोधा, मग जुनं पाणी कुठून वाहायचं ते मनाशी जुळवता येतं. नंतर गवत लावण्यासाठी वाफे भरून काढले की ही पायरी नाहीशी होते आणि चारबागेची साधी हिरवळ होते. जतन करणाऱ्यांनी फुलांच्या कुंड्यांपेक्षा या पायरीची जास्त काळजी घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

हीच रचना पूर्ण आकारात बघायची असेल तर संध्याकाळी शहरात बीबी का मकबऱ्याला जा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ बांधलेला हा मकबरा ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आवारात आहे, वास्तुकार अताउल्ला, स्थापत्याचं काम हंसपतराय, आणि खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदवलेला आहे. ताजमहालाशी तुलना करत फिरलात तर निराश व्हाल. संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला आहे, बाकी दगडावर चुन्याची घोटाई. तिची नक्षी जवळ जाऊन बघा, कलती उन्हं पडली की उठाव स्पष्ट दिसतो. दरवाज्यातून आत आल्यावर लगेच चौथऱ्याकडे धावू नका. नहरेच्या कडेने चाला, मागे वळून दरवाजाही बघा.

दिवसाचा क्रम म्हणून असा लावा: सकाळी लवकर देवगिरी, दुपारच्या उन्हात गाडीने कागजीपुरा आणि खुलदाबाद, संध्याकाळी मकबरा. उलट केलात तर दुपारी दोन वाजता तापल्या कातळावर असाल. मांसाहारी असाल तर शहरात नान-खलिया खा. तुघलकाच्या लष्कराबरोबर हा पदार्थ इथे आला असं शहरातले लोक अभिमानाने सांगतात.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर निघण्यापूर्वी किल्ल्याच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांपाशी थांबा. याच डोंगरउतारावरची फळं असतात. आजच खायचं असेल तर डोळे उघडलेलं फळ घ्या, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंद आणि पिवळसर झालेल्या. घरी न्यायची असतील तर फटी नुकत्या उमलू लागलेली कडक फळं घ्या, दोन-तीन दिवसांत पिकतात. कच्ची फळं फ्रीजमध्ये ठेवली तर साल काळी पडते आणि फळ पिकतच नाही. गाडीत ती सीटवर, सावलीच्या बाजूला, एका थरात ठेवा. डिकीत सामानाखाली ठेवलेली पाटी पुण्याला पोहोचेपर्यंत रबडी झालेली असते.